रक्त वाहतंय, आधी काय करू? वाचकांचे प्रश्न आणि सिस्टरताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की घरी, शेतात, रस्त्यावर कोणाला लागलं आणि रक्त वाहायला लागलं तर तुम्ही काय करता ते कळवा, शंका असेल तर तीपण लिहा. तर रावेर-यावलपासून धडगावपर्यंत पत्रं आली, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज आले, त्यातले काही चक्क अहिराणीत, "ताई, रगत थांबस नही तं काय करानं?" असे. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही पण ज्या शंका परत परत आल्या त्या घेतल्यात. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे ट्रेनिंगमध्ये शिकलेलं आणि तिथे डोळ्यांनी बघितलेलं असं दोन्ही मिळून सांगते.

प्रश्न : ताई, आमची केळीची बाग आहे. घड कापताना मजुराच्या हातावर कोयता बसला, मनगटाच्या जरा वर. एकाने तंबाखू दाबली, दुसरा म्हणे हळद आणा, मी बांधावरची कंबरमोडी चोळून रस पिळला, तरी रक्त थांबेना. दर मिनिटाला रुमाल काढून बघत होतो थांबलं का म्हणून. शेवटी गाडीवर मधी बसवून दवाखान्यात नेलं, टाके पडले, आता बरा आहे. पण परत असं झालं तर पहिलं काय करायचं? (केळी उत्पादक, रावेर तालुका)

दादा, तुमच्याकडे रुमाल होता आणि तीन-चार माणसांचे हात होते, म्हणजे लागणारं सगळं सामान बागेतच होतं. पहिलं काम दाबायचं. हळद आणायला माणूस पळवायचा नाही, पाला शोधायचा नाही, पाणी ओतत बसायचं नाही, जो कपडा बरा स्वच्छ दिसेल तो घडी करून थेट जखमेवर ठेवायचा आणि तळहाताने दाबायचा. तळहाताचा मनगटाकडचा जाड भाग असतो ना तो जखमेवर, दुसरा हात त्याच्यावर, कोपर सरळ, आणि अंगाचा भार देऊन दाब. माणसाला खाली बसवा किंवा आडवं करा आणि त्याचा हात कडक जागेवर ठेवा, जमिनीवर, ट्रॉलीच्या फळीवर, म्हणजे दाब खरा बसतो. अधांतरी धरलेल्या हातावर कितीही दाबलं तरी तो हात मागे जातो. त्याला दुखेल, तो ओरडेल, "सोडा सोडा" म्हणेल. सोडायचं नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, बघायचं नाही. घड्याळ लावून दहा मिनिटं कपडा उचलायचा नाही. रक्त थांबतं कसं ते एकदा समजून घेतलं की हे आपोआप पटतं. रक्तात प्लेटलेट असतात, त्या कापलेल्या नसेच्या तोंडाशी येऊन चिकटतात, मग त्यांच्यावर बारीक धाग्यांची जाळी विणली जाते आणि गुठळी धरते. विरजण लावलेलं दही दर मिनिटाला हलवून बघितलं तर लागत नाही, तसंच हे. तुम्ही रुमाल उचलला की धरत आलेली गुठळी त्याच्याबरोबर उचकटून येते आणि पहिल्यापासून सुरुवात. तुमच्याकडे नेमकं तेच होत राहिलं असणार, औषध कमी पडलं असं काही नाही.

कपडा भिजून वर आला तर तो न काढता त्याच्यावर दुसरा ठेवा आणि जास्त जोराने दाबा. तरी भिजतच असेल तर बहुतेक वेळा आपला दाब नेमक्या जागेवर पडत नसतो. अशा वेळी एकदाच सगळं काढून रक्त कुठून येतंय ती जागा नीट बघा आणि तिथेच बोटांनी, कपड्याने दाबा. जखम खोल खड्ड्यासारखी असेल, जांघेत, काखेत, खांद्यापाशी, जिथे वरून दाबून उपयोग होत नाही, तिथे कपड्याची पट्टी बोटाने आत आत भरत जायची, खड्डा भरला की वरून दाबायचं. ऐकायला भयानक वाटतं पण जीव त्याने वाचतो. छातीच्या आणि पोटाच्या जखमेत मात्र असं काही भरायचं नाही.

हळदीबद्दल मला रागाने नाही, कळकळीने सांगायचंय. हळद, तंबाखू, चुना, कॉफी पावडर, चुलीची राख, बांगडी जाळून केलेली काजळी, रॉकेल, हे सगळं मी जखमांमधून धुऊन काढलेलं आहे. टाके घालायच्या आधी ते एकेक कण काढावं लागतं, पेशंट तळमळतो, आणि त्या पावडरीखाली नस कुठली तुटली ते डॉक्टरांना दिसत नाही. डब्यातली हळद कितीही घरची असली तरी निर्जंतुक नसते. कंबरमोडी, कोणी दगडीपाला म्हणतं, तिचा रस खरचटल्यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावतात, मी त्याच्याशी भांडत नाही, पण कोयत्याच्या उघड्या जखमेत पाला चोळणाऱ्याच्या हाताची माती आत जाते आणि शेताच्या मातीत, शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. म्हणून टाके पडले की धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. पूर्वी टीटी म्हणायचे, आता बऱ्याच ठिकाणी टीडी देतात, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींचं मिळून एक. जखम मळलेली असेल आणि शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील, किंवा कधी घेतलं तेच आठवत नसेल, तर घ्याच.

जखमेत काही घुसलेलं असेल, काच, सळई, लाकडाचं टोक, तर उपटू नका. तेच बुचासारखं रक्त अडवून धरत असतं. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा, कपड्याच्या घड्या दोन्हीकडे लावून ते हलणार नाही असं बांधा आणि तसंच न्या.

प्रश्न : तुम्ही लोक सापाला बांधू नका म्हणता आणि आता एका कॅम्पमध्ये आम्हाला सांगितलं की रक्त फार वाहत असेल तर घट्ट बांधा. मग बांधायचं का नाही बांधायचं? आमच्या पाड्यावर दोन्ही गोष्टी होतात, साप पण आणि कुऱ्हाड पण. (कॉलेज विद्यार्थी, शिरपूर तालुका)

फार चांगला प्रश्न विचारलास बाळा, कारण इथे गोंधळ झाला तर दोन्हीकडे नुकसान आहे.

साप चावला तर बांधायचं नाही. विष बांधून अडत नाही, उलट त्या पायाचा रक्तपुरवठा तुटतो, विष तिथेच साठून मांस सडायला लागतं. चिरायचं नाही, चोखायचं नाही. कडं, जोडवी, अंगठी, चप्पल काढायची कारण सूज येणार, पाय फळीला किंवा काठीला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही आणि सरळ दवाखाना. कोणी आधीच करकचून बांधून आणलं असेल तर रस्त्यात फटकन सोडू नका, दवाखान्यात डॉक्टरांसमोरच सोडायचं.

आणि इथे सापाचा आणि रक्ताचा संबंध येतो तो पण सांगून टाकते. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्ताची गोठायची ताकदच जाते. म्हणजे चावलेल्या जागेतून रक्त पाझरत राहतं, हिरड्यांतून येतं, लघवी लाल होते, जुन्या खरचटलेल्या जागेतूनसुद्धा येतं. तिथे दाबून बांधून पुरत नाही, त्याला प्रतिविष हेच औषध. दवाखान्यात आम्ही थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवतो आणि मग नळी तिरकी करतो, रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलंय हे कळतं. एवढी साधी टेस्ट आहे, पण ती दवाखान्यातच होते, भगताकडे होत नाही. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही.

आता कुऱ्हाडीचं. हाताला किंवा पायाला असा घाव बसला की रक्त चिळकांडीसारखं उडतंय, किंवा खाली थारोळं होतंय, कपडे चिंब होताहेत, दोन्ही हातांनी दाबूनसुद्धा थांबत नाही, किंवा हात-पायच तुटलाय, तर बांधायचं आणि जीव वाचवायला बांधायचं. फक्त हाताला आणि पायाला. मानेला, धडाला कधीच नाही.

बांधायचं कसं ते नीट वाच. कपडा रुंद हवा, घडी घातल्यावर निदान दोन इंच. बागायती रुमाल, ओढणी, पंचा चालेल. सुतळी, तार, बुटाची नाडी, गाडीची ट्यूब कापून केलेली बारीक पट्टी नको, ती मांसात रुतते आणि आतली मोठी नस काही बंद होत नाही. जखमेच्या दोन-तीन इंच वर, म्हणजे धडाकडच्या बाजूला, कोपर-गुडघ्यावर यायला लागलं तर सांधा सोडून त्याच्या वर. दोन वेढे घेऊन एक गाठ मार, गाठीवर हातभर लांबीची मजबूत काठी ठेव, नसेल तर पान्हा किंवा स्क्रू ड्रायव्हर, त्याच्यावर दुसरी गाठ आणि मग ती काठी पिळत जा. हाताने नुसतं ओढून बांधलेलं जवळजवळ नेहमी कमी पडतं, पिळ देणंच महत्त्वाचं. रक्त थांबेपर्यंत पिळायचं. अर्धवट बांधलेलं फार वाईट, कारण रक्त बाहेर आणणाऱ्या धमन्या चालू राहतात आणि परत नेणाऱ्या शिरा बंद होतात, म्हणजे रक्त अजूनच जातं. रक्त थांबलं की काठी दुसऱ्या पट्टीने तिथेच बांधून टाक म्हणजे उलगडणार नाही. किती वाजता बांधलं ते पेनाने कपाळावर किंवा हातावर लिही आणि बांधलेल्या जागेवर चादर टाकू नको, डॉक्टरांना ते दिसलं पाहिजे.

मग सोडायचं नाही. जुन्या लोकांना शिकवलेलं असतं की दर पंधरा मिनिटांनी सैल करा म्हणजे हात मरत नाही. ते आता कोणीच शिकवत नाही, सैल केलं की राहिलेलं रक्तही निघून जातं. साधारण दोन तासांपर्यंत हाताला-पायाला सहसा कायमचं नुकसान होत नाही आणि तेवढ्यात शिरपूरला किंवा धुळ्याला पोहोचता येतं. माणसाला बांधलेल्या जागी भयंकर दुखणार, ते सहन करायला लावायचं, त्याच्याशी बोलत राहायचं.

तर सापाला नाही आणि उडणाऱ्या रक्ताला हो, असं पाड्यावर सगळ्यांना तोंडपाठ करून दे.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा, एप्रिल-मे लागला की त्याचा घोळणा फुटतो. सासूबाई डोकं मागे करून झोपवतात, थंड पाणी ओततात, कांदा फोडून हुंगवतात. थांबतं कधीकधी पण मागच्या वेळी त्याला रक्ताची उलटी झाली, मी फार घाबरले. (गृहिणी, भुसावळ)

भुसावळचा उन्हाळा, पारा पंचेचाळीसच्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत, त्यात कूलरचा झोत तोंडावर. नाकाच्या पुढच्या भागात मधल्या पडद्यावर बारीक नसांचं जाळं असतं, ते कोरडं पडून तडकतं, वरून पोरं बोट घालतात. लहान मुलांचं रक्त बहुतेक वेळा तिथूनच येतं.

ती उलटी पोटातल्या आजाराची नव्हती, डोकं मागे केल्यामुळे रक्त घशातून पोटात गेलं आणि पोटाला ते सोसत नाही म्हणून बाहेर आलं. सासूबाईंना समजावून सांगा, त्यांची माया आहे, फक्त दिशा उलटी आहे. त्याला बसवायचं, डोकं पुढे झुकवायचं, हाडाच्या खालचा मऊ भाग, जिथे नाकपुड्या असतात, तो अंगठा आणि बोटाने दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दहा मिनिटं सलग दाबायचा, तोंडाने श्वास घ्यायला सांगायचं, तोंडात येईल ते थुंकायचं. बरेच जण वर हाडावर दाबतात, त्याने काही होत नाही. दहा मिनिटांनी नाही थांबलं तर अजून दहा. पाणी ओतल्याने पोराला बरं वाटत असेल तर ओता, पण चिमटी सोडून नको. कांद्याला सुट्टी द्या.

थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरू देऊ नका, रात्री नाकाच्या कडेला आतून थोडं व्हॅसलीन लावा, कूलर तोंडावर नको. अर्धा तास होऊनही चालूच असेल, डोक्याला मार लागून आलं असेल, किंवा हिरड्यांतून येतं, अंगावर विनाकारण निळे डाग पडतात असं काही सोबत असेल तर डॉक्टरांकडे जायचंच. आणि हेच घरातल्या मोठ्या माणसाला झालं तर बीपी मोजून घ्या.

प्रश्न : बाबांना हार्टची अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. दाढी करताना कापलं तरी बराच वेळ थांबत नाही. गोळ्या बंद कराव्यात का? (अमळनेर)

नाही, मनाने अजिबात बंद करू नका, हृदयाच्या नसेत टाकलेला स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळीची नळी, बंद पडू शकतो आणि ते दाढीच्या कापण्यापेक्षा हजार पटीने वाईट. त्यांच्यासाठी दहा मिनिटांच्या जागी वीस मिनिटं दाबा, इलेक्ट्रिक शेव्हर आणून द्या, दात काढायचा असेल तर डेंटिस्टला आधी गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. डोक्याला मार लागला तर मात्र बाहेर रक्त दिसो न दिसो, लगेच दवाखाना.

प्रश्न : संक्रांतीला आमच्या कॉलनीतल्या मुलाचा गाडीवर जाताना मांजाने गळा कापला. लोक नुसते बघत होते, कोणाला सुचेना, गळ्याला बांधणार कसं? वाचला तो, पण मला झोप लागली नाही. (धुळे)

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच देशभर बंदी घातली आहे, तरी दर जानेवारीत हे होतंच, आणि विकणारा आपल्याच गल्लीतला असतो, घेऊन देणारे आपणच आईबाप असतो. हे मी नुसतं लिहून सोडत नाही, तुमच्या पोराच्या चक्रीवरचा दोरा बोटाने ओढून बघा, तुटत नसेल तर फेकून द्या.

गळ्याला बांधायचं नाहीच, दाबायचं. कपड्याची घडी जखमेवर आणि तुमचे बोटं-तळवा त्याच्यावर, एकाच बाजूला, जिथून रक्त येतंय तिथेच. श्वासनळीवर, म्हणजे मधोमध कंठावर दाब द्यायचा नाही आणि दोन्ही बाजूंनी एकदम गळा आवळल्यासारखं धरायचं नाही, दोन्हीकडून मेंदूला रक्त जातं. श्वास नीट चालत असेल तर आडवं झोपवा, तोंडात रक्त येत असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर त्याला ज्या पोझिशनमध्ये बरं वाटतं त्यात, पुढे झुकून बसू द्या. ज्याने हात ठेवला तो हात दवाखान्याच्या टेबलापर्यंत तसाच. गाडीत बसताना, उतरताना, स्ट्रेचरवर घेताना माणूस बदलायचा नाही.

प्रश्न : कुट्टी मशीनमध्ये बोट गेलं तर ते बोट परत बसवतात म्हणे, खरं का? (पारोळा)

खरं आहे, पण बोट नीट आणलं तर. आधी माणसाचं रक्त थांबवा, बोट पळून जात नाही. मग तुटलेलं बोट स्वच्छ पाण्याने हलकं धुवा, घासू नका, ओलसर स्वच्छ कपड्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर गोठून खराब होतं, पाण्यात बुडवून आणलं तर फुगतं, दुधात, मिठात, स्पिरिटमध्ये घालून आणलेलं काहीच कामाचं राहत नाही. निघण्याआधी फोन करून विचारा प्लास्टिक सर्जन कुठे आहेत, नाहीतर एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यातच वेळ जातो. आणि वीज चालू असताना कुट्टीत अडकलेला कडबा हाताने ओढू नका हो, बटण बंद करायला किती वेळ लागतो!

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्याकडे अजून काही बाळंतपणं घरीच होतात, रस्ता नाही, झोळीत घालून आणावं लागतं. बाळंतीणीला फार जातंय हे ओळखायचं कसं आणि गाडी येईपर्यंत काय करायचं? (धडगाव तालुका)

ताई, तुमच्या कामाला आधी नमस्कार. बाकी सगळ्या जखमांत हात दाबून रक्त थांबतं, इथे रक्त आतून येतं आणि घरातल्या बाया म्हणतात "बाळंतपणात जातंच तेवढं", तिथेच वेळ जातो.

बाळंत झाल्या झाल्या घडी घातलेला जाड कपडा पाच मिनिटांच्या आत पूर्ण भिजला तर ते जास्त आहे, तिथेच निघायची तयारी. नंतरच्या दिवसांतही तासाभरात पॅड चिंब होत असेल, लिंबाएवढ्या मोठ्या गाठी पडत असतील, तिला गरगरतंय, तहान तहान करतेय, हात-पाय थंड आणि घामट लागताहेत, तर थांबायचं नाही. आपल्या भागातल्या कितीतरी बायांना आधीच रक्त कमी असतं, त्यामुळे दुसरीला जेवढं सोसलं असतं तेवढं हिला सोसत नाही.

वार, म्हणजे प्लासेंटा, पडलेली असेल तर बेंबीच्या खाली हात ठेवून गर्भाशय चाचपा. ते कडक लागलं पाहिजे. मऊ, पसरट लागत असेल तर तेच रक्त जाण्याचं कारण, ते आकसत नाहीये म्हणून त्याच्या नसा उघड्या राहिल्या. तळव्याने गोल गोल चोळत राहा, कडक होईपर्यंत, आणि परत मऊ झालं की परत. तिला लघवी करवा, भरलेली लघवीची पिशवी गर्भाशयाला आकसू देत नाही. बाळाला छातीला लावा, त्याने गर्भाशय आकसतं. तुम्हाला ट्रेनिंगमध्ये गोळ्या दिल्या असतील तर सांगितल्याप्रमाणेच द्या. आत कपडा कोंबायचा नाही, वार अडकली असेल तर नाळ ओढायची नाही. आडवी ठेवा, पाय उंच, अंगावर पांघरूण, झोळीतसुद्धा डोकं खालच्या अंगाला. 108 ला फोन लावताना गाडी कुठपर्यंत येऊ शकते ती नेमकी जागा सांगा आणि झोळी निघतानाच फोन करा, खाली पोहोचल्यावर नाही.

प्रश्न : हायवेवर अपघात दिसला की मनात येतं थांबावं, पण पोलीस, कोर्ट, साक्ष, दवाखान्यात पैसे मागतील, म्हणून पाय पुढे होत नाही. दुसऱ्याच्या रक्ताला हात लावायची पण भीती वाटते. (शिक्षक, एरंडोल)

गुरुजी, सुरत-नागपूर रस्ता तुमच्या दारातून जातो, तुमच्या मनात आलं ते हजारोंच्या मनात येतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं, मग 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलं आणि 2020 मध्ये नियम झाले. जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे दिवाणी किंवा फौजदारी खटला होत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर. दवाखान्यात सोडून तुम्ही निघू शकता, पैसे तुमच्याकडून मागता येत नाहीत. इमर्जन्सीत आधी उपचार, मग कागद, हे तर सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगितलंय, सरकारी-खासगी सगळ्यांना. 2025 पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या आतला उपचार कॅशलेस करायची योजना आहे, आणि गंभीर जखमीला पहिल्या तासात पोहोचवणाऱ्याला राह-वीर म्हणून पंचवीस हजारांचं बक्षीसही आहे. बक्षिसासाठी कोणी थांबत नाही हे मला माहीत आहे, पण सरकारच थांबा म्हणतंय हे तरी कळू द्या.

रक्ताची भीती बरोबर आहे, ती बाळगूनच मदत करता येते. हातात कॅरीबॅग घाला, दुधाची रिकामी पिशवी चालते, आणि मग दाबा. जखमी शुद्धीत असेल तर त्यालाच त्याचा हात जखमेवर ठेवायला सांगा आणि तुम्ही वरून दाबा. नंतर साबणाने हात धुवा. तुमच्या हातावर ताजी जखम असेल आणि तिच्यात रक्त गेलं असेल तर लवकरात लवकर, बहात्तर तासांच्या आत सरकारी दवाखान्यात जाऊन सांगा, एचआयव्हीची लागण टाळायला गोळ्या असतात.

आणि एक, जो ओरडतोय त्याच्याकडे सगळे धावतात. जो गप्प पडलाय, पांढराफटक, घामाने थंड, श्वास भराभर, त्याच्याकडे आधी जा. बाहेर थेंब नसतो पण पोटात रक्त साठत असतं, ट्रॅक्टर अंगावर उलटला, हँडल पोटात बसलं की असं होतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त, त्यातलं दीड-दोन लिटर गेलं की जीव धोक्यात. त्याला आडवं झोपवा, पाय मोडलेले नसतील आणि पाठ-मानेला मार नसेल तर थोडे उंच करा, अंगावर काहीतरी घाला, उन्हातसुद्धा, कारण रक्त गेलेलं अंग थंड पडतं आणि थंड अंगात रक्त नीट गोठत नाही. पाणी मागेल, फार मागेल. ओठ ओले करा, पण पाजू नका, ऑपरेशन लागलं तर ते पाणी फुफ्फुसात जायची भीती असते.

प्रश्न : शेतात जाताना डिक्कीत काय ठेवू? मेडिकलवाल्याने मोठी यादी दिली. (शहादा)

यादी बाजूला ठेवा. धुऊन इस्त्री केलेले दोन सुती पंचे वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, चार इंची दोन क्रेप बँडेज, गॉजचे पुडे, हातमोज्यांची एक जोडी, कात्री, हातभर मजबूत काठी आणि एक मार्कर पेन. कापसाचा बोळा जखमेवर थेट ठेवू नका, त्याचे धागे चिकटून बसतात, हे आपल्या कापसाच्या मुलखात मुद्दाम सांगावं लागतं. मोबाईल चार्ज करून न्या आणि 108 वर तुमचं शेत कसं सांगाल, कोणतं फाट्यावरचं मंदिर, कोणती डीपी, कोणाची विहीर, हे घरातल्या पोरांना पण पाठ असू द्या.